हे कुणाचं?

१

सकाळी सव्वाअकरा वाजता हे सुरू झालं. वेळ मी नक्की सांगू शकते, कारण साडेअकराला अभ्रे न्यायला माणूस येतो आणि त्याआधी माझा एक डोळा सुईवर आणि दुसरा घड्याळावर असतो.

मी घरबसल्या उशांचे अभ्रे शिवते. आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन, आतल्या खोलीत ओटा आणि भिंतीलगत पलंग. मधे एक दार. मशीनवर बसलं की ते दार माझ्या पाठीशी येतं. बेडकी त्या वेळी आत भांड्यांशी खेळत होती. बेडकी म्हणजे माझी मुलगी. पाय फाकवून, दोन्ही हात पुढे टेकून बसायची म्हणून तिच्या आजीनं ठेवलेलं नाव. भांड्यांचा आवाज थांबला म्हणून मी वळले. मूल गप्प झालं की मी वळायचेच. घरात मला त्यावरून भित्री भागूबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे.

बेडकी दारात उभी होती. तिनं वर बघितलं, मान खाली घातली, खांदे आत ओढून घेतले आणि वाकून दारातून बाहेर आली. बाहेर आल्यावर सरळ झाली.

नुकती चालायला लागलेली पोर. तिच्या डोक्यावर आणखी एक बेडकी उभी केली असती तरी चौकटीला वर जागा उरली असती.

मला हसू आलं. मी उठले, दारात गेले, तिच्यासारखी मान घातली, खांदे ओढले आणि वाकून बाहेर आले. बेडकीनं टाळ्या वाजवल्या. मग तिनं परत केलं, मी परत केलं. अभ्रे न्यायला माणूस आला तेव्हा आम्ही दोघी त्या दारातून वाकून आत-बाहेर करत होतो. तो बाहेरच्या उंबऱ्यावर उभा राहून बघत होता, म्हणाला, छत खाली आलंय का तुमचं?

२

मी असं का केलं ते सांगायला हवं. बेडकी सगळंच उशिरा शिकली. उशिरा बसली, उशिरा उभी राहिली, बोलायचं तर अजून नावच नव्हतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनीची मुलगी तिच्याएवढी असताना जिन्यात गाणी म्हणायची. मी काळजीनं अर्धी झाले होते. तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला जवळ बसवून सांगितलं होतं की मुलं सांगून शिकत नाहीत, बघून शिकतात. तिनं नवीन काही केलं की घरातल्या सगळ्यांनी तिच्यासमोर तेच करायचं, वर टाळ्या वाजवायच्या. मूल खुलतं.

मी सातवीपर्यंत शिकले. पण सांगितलेलं मी नीट पाळते. आमच्या घरात तो नेमच झाला होता. बेडकीनं काही केलं की आधी आम्ही ओळखायचं की हे कुणाचं, आणि मग सगळ्यांनी ते करायचं. शिवण संपल्यावर दातानं दोरा तोडल्यासारखं तोंड करायची, ते माझं. खोलीत शिरताना उगाच खाकरायची, ते तिच्या बाबांचं. खाली बसताना गुडघ्यांवर हात ठेवून हं करायची, ते माझ्या सासूबाईंचं. आम्ही तिघं संध्याकाळी तिच्याभोवती बसायचो, ती एकेक काढायची, आम्ही विचारायचो, हे कुणाचं? आणि ज्याचं असेल तो छाती फुगवायचा.

त्या संध्याकाळी मी तिला दारातून चालायला लावलं. ती वाकून आली. मी विचारलं, हे कुणाचं?

कुणीच छाती फुगवली नाही.

बेडकीचे बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. उंची म्हणाल तर माझ्या कानाला लागतील एवढीच. ते म्हणाले, "आमच्या खानदानात आजवर कुणाला दारात वाकायची पाळी आलेली नाही. ही पहिलीच."

सासूबाई म्हणाल्या की अभ्रेवाला उंच आहे, त्याचं बघितलं असेल. पण अभ्रेवाला कधी आत आलेला नाही, गाठोडं उंबऱ्यावरून उचलतो. मग त्या म्हणाल्या की रस्त्यावर कुणाचं बघितलं असेल. एवढं कशाला उकरत बसायचं, पोर शिकतेय ना?

खरंच शिकत होती. मग आम्ही तिघंही त्या दारातून वाकून गेलो. सासूबाईंनी तर एक हात कमरेवर ठेवून असं नाटक केलं की बेडकी हसून हसून खाली बसली. फार दिवसांनी आमच्या घरात एवढं हसणं झालं होतं.

३

दुसरं आलं ते बोटांचं. आतल्या खोलीत भिंतीला लागून चालताना बेडकी हात भिंतीवर ठेवायला लागली. तळहात नाही. बोटं अर्धवट मिटून, त्यांची मागची बाजू. चालता चालता भिंतीवर सर्र आवाज यायचा. दारापासून सुरू व्हायचा आणि पलंगाच्या कोपऱ्याशी थांबायचा.

हे कुणाचं? मी विचारलं तर सासूबाईंना राग आला. त्यांना कमी दिसतं आणि हे त्यांच्यावर ढकललं जाणार हे त्यांनी आधीच ओळखलं. त्या म्हणाल्या की मी एवढी आंधळी झालेले नाही, आणि झाले तरी भिंत तळहातानं चाचपीन, अशी उलट्या बोटांनी कोण चाचपतं? आणि दाखवायला म्हणून त्या भिंतीलगत चालल्या, आधी तळहातानं, मग उलट्या बोटांनी. बेडकीनं टाळ्या वाजवल्या. मग तिच्या बाबांनी केलं. मग मी.

भिंत गार होती. बोटांची मागची बाजू भिंतीवरून फिरवली की खरंच जास्त कळतं. कुठे रंगाचे पोपडे सुटलेत, कुठे खिळा होता आणि काढलाय. पुढचं मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं. अंधाराची सवय असलेल्यालाच हे माहीत असणार.

त्यानंतर ती पलंगाशी उकिडवी बसायला लागली. मान एका अंगाला कलती करून, कान खाली लावून, कुणाचा श्वास ऐकावा तशी. हे मात्र कुणाचं ते मला लगेच कळलं असं मला वाटलं. मी म्हटलं, माझंच की हे, ती झोपली की मी नाही का तिचा श्वास बघत? पण मी बोट धरते. कान लावत नाही.

तरी मी छाती फुगवली. कुणाचं तरी असायला हवं होतं.

४

मग तिनं बाहुलीचं तोंड दाबलं.

बाहुली कापडाची, मीच अभ्र्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेली. पलंगावर आडवी ठेवली होती. बेडकी पलंगाशी उकिडवी बसली, कान लावला, आणि मग डावा हात बाहुलीच्या अख्ख्या तोंडावर ठेवला. जोरानं नाही. हळूच, पण घट्ट. हात तिथेच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय करते याची वाट बघत होती.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्यांदाच. तिचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज बदलला. त्यांनी विचारलं की मी मशीनवर असते तेव्हा मूल कुणाजवळ असतं. मी म्हटलं, आजीजवळ. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "मूल मनानं काही काढत नाही. जे बघतं किंवा ज्याच्यातून जातं, तेच करतं. रडू नये म्हणून घरी कुणी तिचं तोंड दाबतं का, तेवढं बघा."

मी तशीच घरी आले. सासूबाई दारातच बसल्या होत्या, बेडकी त्यांच्या मांडीवर. मी चपलाही न काढता विचारलं. कसं विचारलं ते लिहवत नाही. बेडकीला त्यांच्या मांडीवरून ओढूनच घेतलं.

सासूबाईंनी मांडीवरचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "माझ्या नातीचं तोंड मी दाबीन? घे, आजपासून हात असे ठेवते." आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसल्या. त्या दिवसापासून बेडकी जवळ आली की त्या तशाच बसायच्या. पोर मांडीवर चढायला धडपडायची, त्या हात काढायच्या नाहीत. टोमणा होता तो. रोज मला लागायचा, आणि रोज मी मनात म्हणायचे, असू दे, निदान हात कुठे आहेत ते दिसतं तरी.

पण बाहुलीचं तोंड दाबणं थांबलं नाही.

५

मग मी तिला नजरेसमोर ठेवलं. मशीन आणि खिडकी यांच्या मधे चटई घातली, बेडकीला चटईवर बसवलं. तिचं तोंड माझ्याकडे, माझं तिच्याकडे, मधे मशीन. आता ती जे बघेल ते मी करत असलेलंच बघेल, असा माझा हिशोब. मी शिवायचे, दातानं दोरा तोडायचे, अभ्रा सुलटा करायचे, घडी घालायचे. तिनं हेच शिकावं. माझंच शिकावं.

ती माझ्याकडे बघायची नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघायची.

मी वळून बघायचे. आतल्या खोलीचं दार. त्यात ओट्याचा कोपरा आणि कपडे टांगायची खुंटी. काही नाही. मी स्वतःलाच समजावायचे की पोरीला तो लोंबणारा टॉवेल दिसत असेल. टॉवेल काढला. तरी ती तिकडेच बघायची. कशीही नाही, नीट. दोरा ओवताना मी सुईकडे बघते तशी, श्वास धरून.

मशीनच्या चाकाला चकचकीत कड आहे. हात लागून लागून झालेली. तिच्यात सगळं लांबट आणि वाकडं दिसतं, खिडकीसुद्धा केळीसारखी दिसते. एक अभ्रा संपवून मी चाकावर हात ठेवायला गेले आणि हात वरच्यावर थांबला. त्या कडेत माझ्या पाठीमागचं दार दिसत होतं, आणि दारात काहीतरी वाकलेलं होतं.

टॉवेल तर मी काढला होता.

सासूबाई खाली वहिनीकडे गेल्या होत्या. बेडकीचे बाबा कामावर. ते जे होतं ते मागे सरकलं आणि पुन्हा वाकलं. हळू. एखाद्या मुलाला समजावं म्हणून आपण एखादी गोष्ट मुद्दाम सावकाश करून दाखवतो, तेवढं हळू. मग पुन्हा.

चटईवर बेडकीनं मान खाली घातली आणि खांदे आत ओढले.

मग कडेतल्या त्या लांबट काळपट आकारात दोन टोकं एकमेकांजवळ आली आणि दूर झाली. जवळ आली आणि दूर झाली. आवाज काहीच नाही. पण टाळ्या कशा दिसतात हे मला कुणी सांगायला नको.

मी वळले तेव्हा दार होतं, ओट्याचा कोपरा होता, रिकामी खुंटी होती. मशीनचा पट्टा अजून थोडा हलत होता. मी तो हातानं धरून थांबवला, आणि बराच वेळ धरूनच बसले. ती कड वेडीवाकडीच दाखवते, हे मी मनात किती वेळा म्हटलं असेल.

६

हे मी घरात सांगितलं नाही. काय सांगणार? सासूबाईंवर आळ घेऊन झाला होता. आता चाकावर घ्यायचा होता.

त्याच आठवड्यात बेडकीचे बाबा लवकर घरी आले. मी खिडकीपाशी जमिनीवर बसून कापड बेतत होते, मशीनच्या आड. त्यांना घरात कुणी नाही असं वाटलं असावं. बेडकी आत झोपली होती. त्यांनी चपला काढल्या, पिशवी ठेवली, आतल्या खोलीकडे गेले आणि दारात वाकले. खांदे आत ओढून. मग सर्र आवाज आला, भिंतीवरून, पलंगाच्या कोपऱ्यापर्यंत.

बघायला कुणी नव्हतं. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. तो खेळ नव्हता, सवय झाली होती.

मी धावत आत गेले. ते पलंगापासून दोन पावलांवर उभे होते आणि पेल्यातून पाणी पीत होते. मी विचारलं, दारात वाकलात कशाला? ते म्हणाले, कोण, मी? कधी? मी म्हटलं, आत्ता. आणि भिंतीला हात लावत आलात. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. बोटांच्या मागच्या बाजूला भिंतीची पांढरी भुकटी लागली होती. त्यांनी ती पुसली आणि म्हणाले, तुझी झोप होत नाही, तू जरा तुझ्या ताईकडे राहून ये.

मग मी लक्ष ठेवलं. सासूबाई वाकत होत्या. बेडकीचे बाबा वाकत होते. दोघांनाही पत्ता नव्हता. माझी मी कशी बघणार? म्हणून मी माझ्या बोटांची मागची बाजू बघितली.

पांढरी होती.

७

अभ्रा शिवताना तो उलटा शिवतात. आधी तोंडाची पट्टी दुमडायची, मग घडी, मग दोन्ही बाजूंच्या शिलाया. तोपर्यंत नुसतं कापड दिसतं, बघणाऱ्याला कळत नाही काय चाललंय. शेवटी आत हात घालून सुलटा केला की झाला अभ्रा. बेडकीचंही तसंच होतं. मी एकेक शिलाई बघत बसले होते.

ते सुलटं झालं त्या दिवशी दुपारी ऊन छान होतं. मी पलंगावर बसून बटणं लावत होते. बेडकीनं बाहुली माझ्या शेजारी पलंगावर आडवी ठेवली, थोपटली आणि बाहेरच्या खोलीत निघून गेली. आता बाहेर खेळेल असं मला वाटलं.

ती परत आली. दारात वाकली. भिंतीला उलटी बोटं लावली, सर्र करत पलंगाच्या कोपऱ्यापर्यंत आली. उकिडवी बसली. बाहुलीला कान लावला. डावा हात तिच्या तोंडावर ठेवला, उजवा काखेखाली घातला. उचललं, खांद्यावर टाकलं. वळली. दारात वाकली आणि बाहुली घेऊन बाहेर गेली. बाहेरच्या दारापर्यंत गेली आणि कडीकडे हात लांब केला. कडी तिला पोचत नव्हती.

सुई बोटात गेली होती ते मला नंतर दिसलं.

झोपलेलं मूल घेऊन कसं जायचं, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. आणि ती कडीपर्यंत पोचत नव्हती. पण आम्ही तिघं पोचत होतो.

८

मला कुणाला तरी सांगायचंच होतं. खालची वहिनी माझ्याहून मोठी, धीराची. माझी थट्टा करते पण वेळेला उभी राहते. मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिला समजेना. म्हणाली, भिंतीला हात म्हणजे कसा? उकिडवी म्हणजे कशी? मग मी उठून तिला करून दाखवलं. तिच्या दारात वाकून, तिच्या भिंतीवरून बोटं फिरवत, तिच्या उशीला खांद्यावर घेऊन. पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी नीट. तिची मुलगी समोर बसून बघत होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

तेव्हा माझ्या काहीच लक्षात आलं नाही. मन मोकळं झाल्यानं हलकं वाटलं होतं.

वर आले. बेडकीला झोपवलं. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी हातांवर बसल्या होत्या. मी मशीनवर बसले, अभ्रा सुईखाली घेतला, पाय मारला. मशीनचा आवाज मला आठवतो. एका सरळ रेषेत चाललेली शिलाई आठवते.

त्यानंतर मला आठवते ती वहिनी. ती जिन्यात माझ्यासमोर उभी होती, हातात कचऱ्याची बादली. तिनं विचारलं, "अगं, हिला घेऊन अनवाणी कुठे निघालीस?"

माझ्या खांद्यावर बेडकी होती. माझा डावा हात तिच्या तोंडावर होता.

मी तो हात काढला. एकेक बोट सोडवावं लागलं. वरून सासूबाई भिंत धरत, धापा टाकत उतरत होत्या. त्या म्हणाल्या की मी दोनदा हाक मारली, तू ऐकलं नाहीस. तू दारात वाकलीस आणि गेलीस. खालचं रस्त्याकडचं दार गाठायला मला तीनचार पायऱ्याच उरल्या होत्या. तिथून पुढे मी कुठे जाणार होते, मला माहीत नाही. माझ्या पायांना माहीत होतं.

बेडकी रडत नव्हती. तिनं माझ्या खांद्यावर मान वर केली आणि माझ्या मागे, जिन्याच्या वरच्या अंधाऱ्या वळणाकडे बघितलं. खूप वर, माणसाच्या डोक्याच्याही वर. नीट जमलं का, असं विचारल्यासारखं.

मग तिनं टाळ्या वाजवल्या.

९

बेडकी आता माझ्या ताईकडे आहे. बेडकीला तिकडे पोचवायला अभ्रेवाला आणि त्याची बायको गेली, कारण आमच्या घरातल्या कुणाच्याच हातात तिला द्यायची माझी हिंमत नव्हती, माझ्या स्वतःच्या तर मुळीच नाही. ताईला मी फोनवर नुसतं एवढंच सांगितलं की पोरीनं काही वेगळं केलं तर हसू नकोस, टाळ्या वाजवू नकोस, आणि तू ते करू नकोस. तिनं का विचारलं. मी म्हटलं, नंतर. ताई म्हणते की पहिले काही दिवस बेडकी दारात थांबायची, वर बघायची, मग कुणी दाद देत नाही म्हटल्यावर विसरली. परवा ताईचं शिंकणं उचललं तिनं. ताई म्हणाली, हे माझं. मी फोन धरून रडले.

तिला बघायला मी जात नाही. जे माझ्या अंगात शिरलंय ते विसरायचं कसं, हे मला कुणी करून दाखवलेलं नाही. आम्ही तिघं अजून त्या दारात वाकतो. आता कळतं, तरी वाकतो. सासूबाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, राहू दे, माझेही हात आता माझ्या भरवशाचे नाहीत.

मशीन मी फिरवून घेतलंय. आता दार समोर असतं. दारात काही दिसत नाही. तिथे आता कुणाला शिकवायचं उरलेलं नसेल.

काल खालून हसण्याचा आवाज आला म्हणून मी जिन्यातून डोकावले. वहिनीचं दार उघडं होतं. तिची मुलगी मान खाली घालून, खांदे आत ओढून दारातून बाहेर येत होती. तिच्या मागून वहिनी वाकून आली. तिच्यामागून वहिनीचा नवरा. सगळे हसत होते. वहिनीनं मला बघून हाक मारली, "ये ना, बघ आमची कशी करते." मी ओरडून सांगितलं की थांबवा. वहिनी म्हणाली की तुझं भित्रेपण तुझ्यापाशी ठेव, पोरगी खुलतेय.

मी लिहिलं ते म्हणून. तोंडानं सांगायला गेले की माझे हात उठतात. लिहिताना उजवा हात कामात असतो. डाव्यावर मी बसले आहे, सासूबाईंसारखी.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना एवढं कळवा. मूल काही नवीन करायला लागलं की आधी विचारा, हे कुणाचं? घरातल्या कुणाचं नसेल तर हसू नका. टाळ्या वाजवू नका. त्याच्या आनंदासाठी एकदासुद्धा तसं करू नका. शेजारी सांगा, दवाखान्यात सांगा, रस्त्यात कडेवर मूल घेतलेली बाई दिसली तर थांबवून सांगा.

फक्त तोंडानं सांगा. भिंतीला हात म्हणजे कसा, असं कुणी विचारलं तरी करून दाखवू नका.